रक्ताच्या रिपोर्टाचाही ताळा पाहा

आमच्या वस्त्यांत आता असे घर क्वचितच सापडेल, की जिथे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, वीजबिल आणि दोन-चार रक्ताचे रिपोर्ट एकत्र ठेवलेले नाहीत. कोणाची शुगर, कोणाचे हिमोग्लोबिन, कोणाचे थायरॉइड. दवाखान्यात जाताना ही पिशवी काखेत घेतली जाते. रिपोर्टावरचा आकडा मशीनमधून छापून आलेला असतो, म्हणून तो खराच असणार, असा सर्वांचा समज असतो.

वाचक बंधुभगिनींनो, रेशनच्या दुकानात आपण तराजूच्या काट्याकडे डोळे लावून उभे राहतो. गॅसची टाकी हलकी वाटली तर आणणाऱ्याला वजन करून दाखवायला सांगतो. वाण्याच्या वजनमापांवर ठरलेल्या मुदतीत सरकारी शिक्का बसला पाहिजे, असा कायदा आहे. मग ज्या आकड्यावर जन्मभराची गोळी सुरू होते, रक्ताची बाटली चढते, कधीकधी मुलीचे जमलेले लग्न मोडते, त्या आकड्याच्या तराजूवर शिक्का कोणाचा, हे आपण कधी विचारतो काय? या आठवड्यात त्याविषयीच लिहायचे आम्ही ठरविले आहे.

आम्ही डॉक्टर नाही. आमची नोकरी हिशेबाच्या टेबलावरची. परंतु या टेबलाने आम्हाला एक गोष्ट शिकविली आहे. खतावणी कितीही सुवाच्य अक्षरात लिहिलेली असो, बँकेच्या पासबुकाशी तिचा मेळ बसल्याशिवाय ती खरी मानायची नसते. रक्ताच्या तपासणीलाही हाच नियम लागू पडतो. हे जगाला कसे कळले, त्याची हकिगत वाचण्यासारखी आहे.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात बेल्क आणि संडरमन या दोन डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला. साखर, युरिया, प्रथिने, कॅल्शियम, हिमोग्लोबिन अशा नेहमीच्या तपासण्यांसाठी त्यांनी एकसारखे नमुने तयार केले आणि ५९ रुग्णालयांच्या प्रयोगशाळांना पाठविले. नमुन्यात काय किती आहे, हे या दोघांना ठाऊक होते. उत्तर सर्वांकडून जवळपास सारखेच यायला हवे होते. १९४७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा समाधानकारक उत्तरांपेक्षा असमाधानकारक उत्तरांची संख्या जास्त निघाली! या काही गल्लीबोळातल्या प्रयोगशाळा नव्हत्या, रुग्णालयांच्या प्रयोगशाळा होत्या. त्यांच्याच आकड्यांवर रुग्णांना औषधे दिली जात होती.

या धक्क्यातून दोन चांगल्या प्रथा रूढ झाल्या.

पहिली प्रथा कारखान्यातून आली. टेलिफोनची यंत्रे बनविणाऱ्या अमेरिकन कंपनीत काम करणाऱ्या शूहार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये मालाचा दर्जा तपासण्यासाठी एक तक्ता काढला होता. मधली रेघ म्हणजे योग्य माप आणि वर-खाली मर्यादेच्या रेघा. ज्यांनी गिरणीत किंवा कारखान्यात काम केले आहे, त्यांना असा तक्ता ओळखीचा असेल. १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी तोच तक्ता प्रयोगशाळेत आणला. रोज सकाळी रुग्णांचे रक्त मशीनमध्ये घालण्यापूर्वी, ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना घालायचा. त्याला ‘कंट्रोल’ म्हणतात. उत्तर मर्यादेच्या आत आले तर काम सुरू. बाहेर गेले तर काम थांबवून दोष शोधायचा. आजही चांगल्या प्रयोगशाळेचा दिवस असाच सुरू होतो.

दुसरी प्रथा बाहेरच्या परीक्षेची. आपल्या घरातला काटा आपणच तपासला तर तो नेहमी बरोबरच वाटणार. म्हणून एक त्रयस्थ संस्था अनेक प्रयोगशाळांना एकच नमुना पाठविते, सर्वांची उत्तरे मागविते आणि कोण किती चुकले ते ज्याचे त्याला कळविते. आपल्या देशातही वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि दिल्लीची ‘एम्स’ अशा परीक्षा घेतात. परंतु परीक्षेला बसणाऱ्यालाच गुण मिळतात. जी प्रयोगशाळा बसतच नाही, तिचे गुण कोण सांगणार?

मात्र मशीन अचूक असले म्हणजे सर्व झाले, असे समजू नये. आमच्या माहितीतील एका भगिनीला जुलाब होऊन अशक्तपणा आला, म्हणून एका दवाखान्यात दाखल केले होते. हाताला ग्लुकोजची बाटली लावली होती. संध्याकाळी रक्त घेतले आणि शुगर आली ४६२! घरात कोणालाही मधुमेह नाही. नवरा हातगाडी ओढणारा, सासू रडू लागली. इन्सुलिन सुरू करण्याची बोलणी झाली. तेव्हा ड्यूटीवर असलेल्या एका वयस्कर सिस्टरने विचारले, “रक्त कोणत्या हाताचं घेतलं?” ज्या हाताला बाटली लावली होती, त्याच हाताचे घेतले होते. दुसऱ्या हाताचे रक्त घेऊन पुन्हा तपासले, तर शुगर १०८. मशीन दोन्ही वेळा खरेच बोलले. पहिल्या वेळी त्याला रक्तासोबत बाटलीतले ग्लुकोजही मोजायला दिले होते, एवढाच फरक.

हिशेबात आम्ही म्हणतो, व्हाउचर चुकीचे तर खतावणी चुकीची. रक्त काढल्यापासून ते मशीनपर्यंत जाईपर्यंत अशी व्हाउचरे अनेक ठिकाणी चुकतात. नळीवर दुसऱ्याच रुग्णाचे नाव पडते. सुईतून रक्त जोरात ओढले की पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. शुगरसाठी घेतलेले रक्त साध्या नळीत तसेच ठेवले, तर रक्तातील पेशी त्यातील साखर खात राहतात, आणि तासाला सुमारे ५ ते ७ टक्के साखर कमी होत जाते. म्हणजे १३० ची शुगर तीन तासांनी ११० च्या आसपास दिसू शकते! ही घट बऱ्याच अंशी थांबविणारे औषध राखाडी झाकणाच्या नळीत असते. आता विचार करा. आपल्या समाजमंदिरात सकाळी आरोग्य शिबिर होते, भर उन्हात नळ्या स्कूटरच्या डिकीतून फिरतात आणि संध्याकाळी त्यांची तपासणी होते. अशा शिबिरात “तुम्हाला मधुमेह नाही” असे ज्याला सांगितले, तो निश्चिंत होऊन घरी जातो. खोट्या भीतीइतकाच हा खोटा दिलासाही घातक आहे.

आता आमच्या समाजाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळतो.

वाण्याचा किलो नागपुरातही तेवढाच आणि मुंबईतही तेवढाच. रक्ताच्या तपासणीत मात्र हा ‘एकच किलो’ ठरवायला फार कष्ट पडले. पूर्वी हिमोग्लोबिन साली यांच्या नळीने मोजत. रक्तात आम्ल मिसळायचे आणि तपकिरी रंग काचेच्या रंगाशी डोळ्यांनी जुळवायचा. जेवढे डोळे तेवढी उत्तरे! १९६० च्या दशकात आंतरराष्ट्रीय समितीने एक प्रमाण पद्धत आणि प्रमाण द्रावण ठरविले, तेव्हा कोठे जगभरच्या प्रयोगशाळांना एकच किलो मिळाला.

मधुमेहाच्या ‘तीन महिन्यांच्या शुगर’ची, म्हणजे एचबीएवनसीची, कथाही अशीच. १९६८ मध्ये तेहरानमधील संशोधक सॅम्युएल रहबर लोकांच्या रक्तातील वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन शोधत होते. तेव्हा मधुमेही रुग्णांच्या हिमोग्लोबिनमध्ये त्यांना एक निराळा भाग दिसला. हिमोग्लोबिनला साखर चिकटून तो तयार होतो. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून त्यावरून मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज येतो. १९९३ मध्ये अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवरील मोठ्या अभ्यासाने दाखविले की हा आकडा आटोक्यात ठेवला तर डोळे, मूत्रपिंड आणि नसा यांचे नुकसान बरेच टळते. परंतु अडचण अशी, की एका प्रयोगशाळेचे ७ आणि दुसरीचे ७ एक नव्हते. म्हणून १९९६ मध्ये अमेरिकेत सर्व मशीनांचे आकडे एका मापावर आणण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आज मधुमेहासाठी ६.५ ही रेघ मानली जाते ती या एकवाक्यतेच्या जोरावर.

पण मापच ज्याला लागू पडत नाही, त्याचे काय? पूर्व विदर्भात, म्हणजे नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतील बौद्ध कुटुंबांत, तसेच आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण अधिक आढळते. यात कोणाचा दोष नाही आणि लाजण्यासारखेही काही नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हा गुण टिकला, कारण आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच तो आला तर मलेरियाच्या जीवघेण्या दुखण्यापासून काही संरक्षण मिळते. या भागातील कितीतरी कुटुंबे नोकरीधंद्यासाठी मुंबई, पुण्याला आली. त्यांच्यासोबत हा गुणही आला. तेथील डॉक्टरच्या मात्र तो ध्यानी नसतो.

आता नीट लक्ष द्या. ज्याला सिकलसेलचा आजार आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही हा गुण आला आहे, त्याच्या लाल पेशी १२० नव्हे तर जेमतेम १० ते २० दिवस जगतात. साखर चिकटायला पुरेसा वेळच मिळत नाही. शिवाय ज्या नेहमीच्या हिमोग्लोबिनवर ही तपासणी आधारलेली आहे, तेच त्यांच्या रक्तात नसते. अशा रुग्णाची ‘तीन महिन्यांची शुगर’ कितीही चांगली दिसो, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. ज्याच्यात हा गुण एकाच बाजूने आला आहे, त्याला वाहक म्हणतात. वाहक माणूस सहसा धडधाकट असतो. त्याच्या बाबतीत आकडा बरोबर येईल की नाही, हे मशीनच्या पद्धतीवर अवलंबून असते. २०१७ मध्ये अमेरिकेतील साडेचार हजारांहून अधिक कृष्णवर्णीय लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तातील साखर सारखीच असूनही वाहकांचा आकडा इतरांपेक्षा सरासरी सुमारे ०.३ ने कमी भरला. ०.३ म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्याचा ६.६ यायचा त्याचा ६.३ आला, तर त्याचा मधुमेह कागदावर दिसतच नाही. उलट अंगात लोह कमी असेल तर हाच आकडा उगीच वाढलेला दिसू शकतो. आमच्या माता-भगिनींत लोहाची कमतरता किती आहे, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून घरात सिकलसेल असेल, तर ते डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. “आमच्यात सिकलसेल आहे, तर ही तपासणी चालेल काय?” एवढे एक वाक्य पुरे. तेव्हा डॉक्टर उपाशीपोटी आणि ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांनी प्रत्यक्ष रक्तातील साखर तपासून निदान करू शकतात.

खुद्द सिकलसेलच्या तपासणीतही हाच धोका आहे. शिबिरात बहुधा सोल्युबिलिटी नावाची स्वस्त तपासणी करतात. द्रावण गढूळ झाले तर पॉझिटिव्ह. ही तपासणी गुण आहे एवढेच सांगते. माणूस वाहक आहे की आजारी, हे ती सांगू शकत नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळात आणि रक्त फारच कमी असलेल्या रुग्णात ती खोटी निगेटिव्हही येऊ शकते. पक्के निदान इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासणीने होते. तीही गेल्या तीन-चार महिन्यांत दुसऱ्याचे रक्त चढविले असेल तर फसवू शकते, म्हणून तसे आधी सांगावे. असे असताना केवळ ‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दावर मुलीला ‘सिकलची पेशंट’ ठरवून सोयरीक मोडल्याच्या गोष्टी आमच्या कानावर येतात, तेव्हा मन विषण्ण होते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याचा संभव चारात एक असतो. एकच वाहक असेल तर मुलांना हा आजार होत नाही. तेव्हा लग्न जुळविताना मुलाचीही तपासणी करा. फक्त मुलीलाच चाळणी कशाला?

२०२३ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट चांगलेच आहे. पण एवढी मोठी मोजणी करताना पहिल्या तपासणीनंतरची पक्की तपासणी प्रत्येकापर्यंत पोहोचते की नाही, यावर आपल्या कार्यकर्त्यांचे लक्ष हवे.

आणखी एक गैरसमज दूर करणे भाग आहे. रिपोर्टात कंसाबाहेरचा आकडा ठळक छापलेला दिसला की घरात घबराट उडते. हा कंस बहुतेक वेळा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्के लोकांवरून आखलेला असतो. म्हणजे १०० निरोगी माणसांतील ५ जण प्रत्येक तपासणीत कंसाबाहेर राहणारच. आम्ही बी.कॉम.ला शिकलेले संख्याशास्त्र इथे उपयोगी पडले. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्यांचे ‘फुल बॉडी पॅकेज’ ठणठणीत माणसाने केले, तरी किमान एक आकडा बाहेर जाण्याचा संभव सुमारे ६४ टक्के असतो. मग त्या एका आकड्यापायी पुढच्या तपासण्या, पुढचा डॉक्टर, पुढचे कर्ज! डॉक्टरांनी कारण सांगून लिहिलेली एक तपासणी ही जाहिरात पाहून केलेल्या वीस तपासण्यांपेक्षा मोलाची असते.

आता आपल्या हातात काय आहे, ते थोडक्यात सांगतो.

१. रक्त घेताना नळीवर आपल्यासमोर आपले पूर्ण नाव लिहून घ्यावे.

२. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास. पाणी चालते. चहा चालत नाही, अगदी बिनसाखरेचासुद्धा.

३. सलाइन लावलेल्या हाताचे रक्त घेत असतील तर नम्रपणे विचारावे.

४. चालू गोळ्या, नुकतेच चढविलेले रक्त, सिकलसेल, गरोदरपण हे आधी सांगावे.

५. रिपोर्ट आणि अंगातली लक्षणे यांचा मेळ बसत नसेल, तर मोठा निर्णय घेण्यापूर्वी तपासणी पुन्हा करावी. जुन्या रिपोर्टाशी तुलना करायची तर शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करावी.

६. परदेशी कामाला गेलेल्यांच्या रिपोर्टात साखर कधी ७, ८ अशी लिहिलेली असते. ते माप वेगळे आहे. त्याला १८ ने गुणले की आपले माप मिळते. ७ म्हणजे आपले १२६.

७. रिपोर्टाखाली जबाबदार व्यक्तीचे नाव, शिक्षण व नोंदणी क्रमांक पाहावा. पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर अर्हता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच रिपोर्टावर प्रतिस्वाक्षरी करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटले. त्यानंतर केंद्राच्या नियमांत फेरफार झाले असले, तरी बिननावाच्या रिपोर्टाला किंमत देऊ नये.

एक विनंती आणखी. आपल्या समाजातील कितीतरी मुले-मुली डी.एम.एल.टी. करून तुटपुंज्या पगारावर प्रयोगशाळांत राबत आहेत. “नमुना खराब झाला आहे, पुन्हा रक्त द्यावे लागेल,” असे त्यांनी सांगितले तर त्यांच्यावर डाफरू नये. खराब नमुना परत पाठविणारा तंत्रज्ञ आपले काम प्रामाणिकपणे करतो आहे. मालकाच्या धाकाने काहीतरी आकडा टाकून देणाऱ्यापेक्षा तो शतपटीने बरा.

शेवटी प्रश्न उरतो तो सरकारचा. अमेरिकेने १९४७ च्या धक्क्यानंतर १९६७ मध्ये प्रयोगशाळांसाठी कायदा केला आणि १९८८ मध्ये तो जवळपास सर्व प्रयोगशाळांपर्यंत पोहोचविला. आपल्याकडे ‘एनएबीएल’ ही संस्था प्रयोगशाळांना मान्यता देते, तीही चाचणीनिहाय. पण मान्यता घ्यायची की नाही, हे मालकाच्या मर्जीवर आहे. कांदे तोलणाऱ्या काट्याला शिक्का सक्तीचा आणि रक्त तोलणाऱ्या काट्याला ऐच्छिक, हा कोणता न्याय?

हा शिक्का सक्तीचा व्हावा, अशी मागणी आपल्या संघटनांनी आमदार-खासदारांकडे लेखी करावी. तोपर्यंत प्रत्येक मंडळाने एवढे तरी पाळावे. शिबिर घेण्यापूर्वी प्रयोगशाळेला तीन प्रश्न विचारावेत. रोज कंट्रोल लावता काय? बाहेरच्या परीक्षेला बसता काय? रक्त किती वेळात मशीनवर जाईल? या तिन्हींची सरळ उत्तरे मिळाली, तरच समाजमंदिराची किल्ली त्यांच्या हाती द्यावी. फुकट शिबिरातही रक्त आपल्याच लोकांचे जाणार असते.